उर्वरित कार्यायुष्य

चारुशीला आहेरला पाच महिन्यांत एकही नकार आला नव्हता, आणि तिला त्याचीच भीती वाटू लागली होती.

नकार आला असता तर त्याला काही कारण तरी असतं. वय सेहेचाळीस झालंय म्हणा, पगार जास्त मागितला म्हणा. पण 'कामदुवा' या नोकऱ्यांच्या साइटवर तिने केलेल्या एकशे ऐंशी अर्जांपुढे एकेक राखाडी ठिपका होता आणि त्याच्या शेजारी एकच शब्द, 'पाहिले'. कुणीतरी पाहिलं होतं आणि पाहून गप्प बसलं होतं.

सातपूरच्या एका मापन प्रयोगशाळेत तिने तेवीस वर्षं काढली होती. नाशिकमधल्या निम्म्या कारखान्यांचे मायक्रोमीटर, डायल गेज, दाबमापक तिच्या टेबलावर यायचे. ती उपकरणं खरं बोलतात की खोटं, हे तपासायचं आणि तसा दाखला द्यायचा, हे तिचं काम. मूळ कंपनीने ते सगळं काम परराज्यातल्या स्वयंचलित केंद्रात हलवलं आणि प्रयोगशाळेला कुलूप लागलं.

नोकरी गेली त्या आठवड्यात ती कामदुवावर आली, कारण एव्हाना नोकरी शोधायची म्हणजे तिथेच शोधायची असं झालं होतं. सुरुवातीला बरं वाटलं. जुने सहकारी भेटले, गिऱ्हाइकं भेटली. एक्केचाळीस जणांनी तिच्याबद्दल चार चांगल्या ओळी लिहिल्या. तिसऱ्या दिवशी सिन्नरहून फोन आला, पाचव्या दिवशी अंबडहून. मग कामदुवाने तिला 'संपूर्ण ओळख' भरायला सांगितलं. तीन मिनिटं स्वतःबद्दल बोलायचं आणि अर्धा तास पडद्यावरच्या प्रश्नांची उत्तरं टाइप करायची. तिने इस्त्रीचा कुर्ता घालून, दार लावून ते केलं.

त्यानंतर फोन आला नाही.

"बोलताना काही चुकलं असेल का गं?" तिच्या नवऱ्याने, योगेशने विचारलं. तो आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना शिकवायचा. सरकारी नोकरी असल्यामुळे त्याचा कामदुवाशी संबंध नव्हता.

त्यांची मुलगी ऋजुता बावीस वर्षांची होती. नुकतीच इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर झाली होती आणि तीही नोकरी शोधत होती. तिने आईचं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. "मस्त बोललीयेस, आई. मी असते तर लगेच घेतलं असतं."

मग चारुशीला स्वतःच उठून अंबडला गेली. एका वर्कशॉपचे मालक तिला पंधरा वर्षं ओळखत होते. त्यांनी चहा पाजला, प्रयोगशाळा बंद झाल्याबद्दल हळहळ व्यक्त केली आणि मग टेबलावरची काच पुसत म्हणाले, "मॅडम, तुम्ही तेवढं कामदुवावरून या ना. आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाची अट आहे, माणूस तिथूनच घ्यायचा."

"मी आहे तिथे. मी तुमच्याकडे अर्ज केलाय."

"हो का?" ते म्हणाले. त्यांनी काच पुसणं थांबवलं नाही.

*

फिरोज पठाणला तिने काम शिकवलं होतं. आता तो एका पंप कंपनीत माणसं निवडायच्या विभागात होता. तिने फोन केला तेव्हा तो आधी टाळाटाळ करत राहिला. शेवटी जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर भेटायला तयार झाला.

"मॅडम, हे मी दाखवलं असं कुणाला सांगू नका." त्याने टॅब तिच्यापुढे सरकवला.

पडद्यावर नावांची यादी होती. शिक्षण, अनुभव, अपेक्षित पगार आणि शेवटी एक रकाना, जो चारुशीलाने आपल्या बाजूने कधीच पाहिला नव्हता. 'उर्वरित कार्यायुष्य'. नावांपुढे आकडे होते. सोळा. एकोणीस. चोवीस.

"हा माणूस अजून किती वर्षं धडपणे काम करेल, त्याचा अंदाज," फिरोज म्हणाला. "पाचाच्या खालची नावं आम्हाला दिसतच नाहीत, 'पाहिले'चा ठिपका यंत्रच लावतं. तुमच्यासाठी मी मुद्दाम चाळणी काढली."

तिचं नाव सगळ्यात खाली होतं. आकडा होता साडेतीन.

"हे कशावरून काढलं?"

"आम्हाला कारण दिसत नाही, मॅडम, नुसता आकडा दिसतो. तब्येतीबद्दल विचारायला कायद्याने बंदी आहे ना. पण ही तब्येतीची माहिती नाही, हा अंदाज आहे, असं ते म्हणतात." त्याने आवाज खाली आणला. "आकडा सहसा चुकत नाही. गेल्या वर्षी आमच्या साहेबांनी हट्टाने एकाला घेतलं होतं. कार्यायुष्य दोन होतं त्याचं. दीड वर्षात तो..." तो थांबला. "तुम्ही एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या."

चहा तसाच राहिला. परत येताना चारुशीलाने रिक्षात बसून आपले दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि पाथर्डी फाटा येईपर्यंत बोटांकडे पाहत राहिली. ती स्थिर होती. तिला तरी तसं दिसत होतं.

*

डॉ. निमकर मेंदूविकारतज्ज्ञ होत्या. चारुशीलाची हकिगत ऐकून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"या महिन्यात असं सांगणाऱ्या तुम्ही चौथ्या," त्या म्हणाल्या. "बोलताना आपण शंभराच्या आसपास स्नायू वापरतो. मेंदू त्या प्रत्येकाला हुकूम पाठवतो, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागाचं भान ठेवून. मेंदूतल्या काही पेशी थकू लागल्या की एखादा हुकूम कणभर उशिरा पोचतो, स्वर कणभर थरथरतो. कानाला ते कळत नाही. टाइप करतानाही तसंच. एक कळ सोडून दुसरी दाबायला लागणारा वेळ हळूहळू विस्कटायला लागतो. माणसाला स्वतःला काही जाणवायच्या कितीतरी वर्षं आधी हे सुरू होतं."

"आणि यंत्राला ते ऐकू येतं."

"त्यांच्याकडे कोट्यवधी लोकांचे दहा वर्षांचे आवाज आहेत. त्यातलं कोण कधी आजारपणाने घरी बसलं, हेही आहे, कारण लोक स्वतःच ते तिथे लिहितात. यंत्राने दोन्ही जुळवलं. त्याला आजाराचं नाव ठाऊक नाही. अशा आवाजाची माणसं इतक्या वर्षांत कामातून जातात, एवढंच त्याला ठाऊक आहे."

"त्याची त्रुटी किती?" चारुशीलाने विचारलं.

"म्हणजे?"

"प्रत्येक मापाला त्रुटी असते, डॉक्टर. साडेतीन म्हणजे अधिक-उणे किती? आणि ते यंत्र कुणी तपासलंय? कशाशी ताडून?"

"ते ती कंपनी कुणालाच सांगत नाही." डॉक्टर उठल्या. "या, मी तुम्हाला तपासते."

त्यांनी तिला सरळ रेषेत चालायला लावलं, बोटाच्या टोकामागे डोळे फिरवायला लावले. सगळं ठीक होतं. मग म्हणाल्या, "जीभ बाहेर काढा आणि दहा सेकंद तशीच धरून ठेवा."

चारुशीलाने जीभ बाहेर काढली. सहाव्या सेकंदाला ती आपोआप आत गेली. तिने पुन्हा प्रयत्न केला. या वेळी पाच.

डॉक्टरांनी काही लिहिलं नाही. "आईवडील आहेत?"

"आई आहे, धडधाकट आहे. वडील बेचाळिसाव्या वर्षी गेले. स्कूटरचा अपघात."

"शेवटच्या काही वर्षांत त्यांच्या स्वभावात काही फरक पडला होता? चालण्यात?"

चारुशीलाने आठवून सांगितलं. शेवटची तीन वर्षं वडील बारीकसारीक गोष्टींवरून संतापायचे. चालताना झोक जायचा. सगळी गल्ली म्हणायची की ते प्यायला लागलेत. आईनेही तसंच धरलं होतं. बारा वर्षांची चारुशीला त्यांच्या कपाटात बाटली शोधायची. एकदाही सापडली नव्हती.

डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं आणि मग आजाराचं नाव उच्चारलं. हंटिंग्टन. हालचाली, स्वभाव, विचार, हळूहळू सगळंच बिघडत जातं. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला असण्याची शक्यता निम्मी.

"मी अजून काहीच नक्की म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "रक्ताची तपासणी आहे, तिचं उत्तर जवळपास नेहमीच स्पष्ट येतं. पण करायच्या आधी घरी बोला. तुम्हाला मुलं आहेत?"

"एक मुलगी आहे."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

*

चारुशीलाने योगेशला सांगितलं, पण ऋजुताला सांगितलं नाही. दोन आठवडे ते तसंच राहिलं. मग एका दुपारी ऋजुता स्वयंपाकघरात आली आणि आईपुढे फोन धरून उभी राहिली. तीन कंपन्यांनी तिला दुसऱ्या फेरीला बोलावलं होतं. आता तिन्ही नावांपुढे राखाडी ठिपका होता.

"मी तर काहीच केलं नाही. परवापर्यंत सगळं नीट होतं."

चारुशीलाने फिरोजला फोन लावला. तो आत जाऊन पाहून आला.

"मॅडम, आधी ऋजुताचं कार्यायुष्य तेहेतीस होतं. आता अकरा दाखवतंय." त्याला बोलणं जड जात होतं. "या महिन्यापासून ते नाती धरायला लागलेत. आडनाव, पत्ता, एकमेकांना केलेले फोन, यांवरून रक्ताचं नातं ओळखतात. आईवडिलांचा आकडा वाईट असला की मुलांचाही खाली येतो."

ऋजुताने ते सगळं ऐकलं, कारण फोनचा स्पीकर चालू होता. मग तिला सांगण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. चारुशीलाने ओट्याला टेकून, जमेल तितक्या सरळ शब्दांत सांगितलं. ऋजुता खाली फरशीवर बसली.

"म्हणजे मलाही?"

"मला असेल तर निम्मी शक्यता. आधी मला आहे का ते तर कळू दे. मी उद्याच रक्त देते. नाही निघालं तर सगळंच मिटेल."

"आणि निघालं तर?"

चारुशीलाने ओट्यावरचं फडकं उचलून त्याची घडी केली.

"नको करूस," ऋजुता म्हणाली. "आई, प्लीज. तुला कळलं की मला कळणार. तू नाही सांगितलंस तरी तुझ्या तोंडाकडे बघून कळणार. मला आत्ता नाही कळून घ्यायचं. मी बावीस वर्षांची आहे गं."

आयुष्यभर चारुशीलाने अंदाजावर भरवसा ठेवला नव्हता. समोर अचूक माप उपलब्ध असताना ते घ्यायचं नाही, ही गोष्ट तिला जमण्यासारखी नव्हती. पण तिने मान हलवली. "बरं. नाही करत."

चार दिवसांनी ऋजुतानेच तो अर्ज शोधून काढला. कामदुवावर खोल कुठेतरी होता, 'नातेदुरुस्ती' नावाचा. यंत्राने नातं चुकीचं धरलं असेल तर दोघांनी कॅमेऱ्यासमोर तसं सांगायचं. पर्याय तीन होते. दत्तक, सावत्र, फक्त एका घरात राहणारे.

"दत्तक म्हटलं तर बाबांशी चेहरा जुळतो, ते पकडतील," ऋजुता खाली मान घालून म्हणाली. तिने सगळा विचार आधीच केला होता. "सावत्र बरं पडेल."

योगेश ताडकन उठला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आईला सावत्र म्हणणार? एका नोकरीसाठी?"

"एका नोकरीसाठी नाही, बाबा. सगळ्याच नोकऱ्यांसाठी."

"नको ती नोकरी! माझा पगार आहे ना. मी पोसतो तुला."

"किती वर्षं?" ऋजुताने विचारलं.

योगेशने बायकोकडे पाहिलं. चारुशीला म्हणाली, "अहो, बसा. करू आपण."

*

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर मायलेकी डायनिंग टेबलापाशी लॅपटॉपसमोर बसल्या. योगेशने आपल्या संमतीच्या चौकटीत खूण केली आणि तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

लॅपटॉपमधला आवाज बाईचा होता. मराठी स्वच्छ आणि गोड.

"चारुशीला योगेश आहेर, आपण ऋजुता योगेश आहेर यांना जन्म दिला आहे का?"

"नाही."

"आपलं त्यांच्याशी नातं सांगा."

"मी तिची सावत्र आई आहे."

हे वाक्य तिने सकाळपासून मनात घोकलं होतं, तरी 'सावत्र' म्हणताना आवाज खाली गेला. हा आवाजही ते मोजत असतील, असं तिला वाटून गेलं.

"धन्यवाद. ऋजुता, हे बरोबर आहे का?"

"हो."

"आपली जन्मदात्री आई हयात आहे का?"

या प्रश्नाची तयारी त्यांनी केली नव्हती. ऋजुताने आईकडे पाहिलं. पडद्यावर कोपऱ्यात सेकंद मोजले जात होते.

"नाही," ऋजुता म्हणाली.

"आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. मृत्यूचं कारण निवडा किंवा सांगा."

आजार म्हणून चालणार नव्हतं, हे दोघींनाही कळत होतं. चारुशीलाने टेबलाखालून मुलीचा गुडघा दाबला.

"बाळंतपणात गेली," ऋजुता म्हणाली. "माझ्या."

"नोंद झाली आहे. दुरुस्ती अठ्ठेचाळीस तासांत लागू होईल."

ऋजुताने लॅपटॉप मिटला. मग ती उठून बेसिनपाशी गेली आणि कितीतरी वेळ नुसते हात धूत राहिली.

सोमवारी राखाडी ठिपके हिरवे झाले. पंधरवड्यात तिला बडोद्याच्या एका प्रवाहमापक बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. निघायच्या आदल्या दिवशी तिने आईचा नंबर फोनमधून पुसला. कामदुवा फोनही तपासायचं, आणि सावत्र आईशी कुणी रोज बोलत नाही. "मी बाबांच्या फोनवर करीन," ती म्हणाली. "तू शेजारी बसत जा."

*

चारुशीलालाही काम मिळालं, कामदुवाबाहेर. बाजार समितीच्या आवारात वजनकाटे दुरुस्त करणारा एक म्हातारा होता. त्याला असल्या साइटची माहितीच नव्हती. तिचं काम बघून त्याने दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. ती रोज प्रमाण वजनं घेऊन काटे तपासायची. एकदा वीस ग्रॅमचं वजन तिच्या बोटांतून निसटलं. हाताला घाम होता म्हणून, की आणखी कशामुळे, हे तिला ठरवता आलं नाही. म्हाताऱ्याने ते उचलून दिलं आणि विसरूनही गेला. ती विसरली नाही.

सकाळी दात घासून झाले की ती न्हाणीघराची कडी लावायची आणि आरशासमोर घड्याळ धरून जीभ बाहेर काढायची. सात सेकंद. नऊ. सहा. एके दिवशी पूर्ण दहा झाले, तर त्या आनंदात तिने योगेशला शिरा करून घातला. दुसऱ्या दिवशी पाच होते.

ऋजुताचा फोन दर दोन-तीन दिवसांनी यायचा. आधी भरभरून बोलायची. मग बोलणं कमी होत गेलं. ऑफिसात मीटिंग रेकॉर्ड होतात, मी मागे बसते, म्हणाली. आवाज खराब झालाय म्हणून सांगते सगळ्यांना, म्हणाली. योगेश हसण्यावारी न्यायचा. चारुशीला शेजारी बसून, स्पीकरवर ठेवलेल्या फोनला कान लावून ऐकायची.

मार्च सुरू झाला. त्या रविवारी सकाळी ऋजुता मेसच्या जेवणाबद्दल काहीतरी सांगत होती आणि मध्येच थांबली.

"आई, तू ऐकत नाहीयेस."

"ऐकतेय की. डाळीत गूळ घालतात म्हणालीस."

"नाही. तू मोजतेयस."

ते खरं होतं. गेले कित्येक दिवस मुलीच्या बोलण्यातला शब्द तिच्यापर्यंत पोचतच नव्हता. पोचायची ती फक्त त्याची सुरुवात, त्याचा शेवट, आणि मधली थरथर.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मुद्दाम नाही करत गं."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग ऋजुता म्हणाली, "पुढच्या महिन्यात इथे सगळ्यांना पुन्हा आवाज द्यायचाय. दरवर्षी देतात. नात्याचं सोड, आता माझाच आवाज ऐकणार. मी रोज सकाळी एक उतारा वाचून रेकॉर्ड करते, आई. पण लावून ऐकायची हिंमत होत नाही." तिने श्वास घेतला. "तू ऐकशील? दर रविवारी. मी वाचते, तू सांग. तू ठीक म्हणालीस तर मी आठवडाभर नीट झोपेन."

"माझाच कान बिघडला असेल तर?"

"तरी तूच सांग."

योगेश उठून आत गेला. चारुशीलाने खुर्ची खिडकीपासून दूर ओढली, पंखा बंद केला. "वाच," ती म्हणाली.

ऋजुता वाचू लागली. कारखान्यातल्या सुरक्षेच्या सूचना होत्या. आत येताना हेल्मेट घालावे. चालू यंत्राला हात लावू नये. दाब वाढल्यास प्रथम मुख्य झडप बंद करावी. आवाज मोकळा, खणखणीत होता. पाचव्या ओळीत 'प्रवेशद्वार' हा शब्द आला, आणि त्यातल्या पहिल्या अक्षराला काहीतरी झालं. अडखळणं म्हणावं इतकंही नाही. एखादा केस आडवा यावा, इतकंच. नेटवर्क असेल. थुंकी गिळली असेल. किंवा नसेल.

तिच्या कामात नियम होता की शंका आली तर तीनदा माप घ्यायचं. पण 'पुन्हा वाच' म्हटलं तर तेच उत्तर झालं असतं.

"झालं," ऋजुता म्हणाली. "सांग."

"स्वच्छ आहे."

"नक्की?"

"अगदी स्वच्छ. काही नाही त्यात."

"शप्पथ?"

"शप्पथ."

पलीकडे ऋजुताने सुस्कारा सोडला, आणि मग ती हसली. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच अशी मोठ्याने हसली. चारुशीलाला ते हसणं न मोजता नुसतं ऐकायचं होतं. तिने डोळे मिटले, फोन दोन्ही हातांनी धरला. तिला ते जमलं नाही.